वाचकांचे प्रश्न : स्पेनमध्ये शिकताना, स्पॅनिशमध्ये राहताना

स्पेनमध्ये शिकायला गेलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या वाचकांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रे या सदराकडे गेले काही महिने सातत्याने येत आहेत. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी भारताच्या आणि स्पेनच्या पंतप्रधानांनी वडोदऱ्यात सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन केले आणि त्यानंतर आपल्या शहरातील तरुणांचे लक्ष स्पॅनिश भाषेकडे वळले, हे त्याचे एक कारण असावे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडक्यात दिली असून नावे गाळली आहेत. पहिल्या पत्राला मी अधिक जागा दिली आहे, कारण त्या मुलीने विचारलेला प्रश्न अनेकांच्या मनात असतो आणि फार थोडे जण तो मोकळेपणाने विचारतात.

प्रश्न : मी मूळची वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातली. घरी मराठी, बाहेर गुजराती आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वाढले. शाळा-कॉलेजात वक्तृत्व स्पर्धांत बक्षिसे मिळवली. सध्या ग्रानादा विद्यापीठात वारसा-संवर्धनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. येण्यापूर्वी स्पॅनिशची बी-१, म्हणजे मध्यम पातळीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले होते. तरीही वर्गात चर्चा सुरू झाली की मी गप्प होते. मनात वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. गटाने करायच्या कामात मला नेहमी चित्रे आणि तक्ते तयार करायला सांगतात, बोलायला कोणी सांगत नाही. सगळ्यांची समजूत झाली आहे की मी स्वभावाने अबोल आहे. राहते तीन भारतीय मुलींबरोबर, त्यामुळे घरी हिंदीच चालते. इथे आल्यापासून माझे व्यक्तिमत्त्वच नाहीसे झाले आहे असे वाटते. इंग्रजीतून शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाकडे बदली मागावी का?

उत्तर : तुमचे व्यक्तिमत्त्व नाहीसे झालेले नाही. मात्र ते इतरांपुढे मांडण्याचे तुमचे सर्वांत खात्रीचे साधन सध्या तुमच्या हाती नाही, आणि ही उणीव खरी आहे. ज्यांची घरात, शाळेत, मित्रमंडळींत ओळखच बोलण्यामुळे झालेली असते, त्यांना परक्या भाषेत गेल्यावर सर्वांत जास्त त्रास होतो. मुळात मितभाषी असलेल्या मुलांना हे अंतर तितके जाणवत नाही. मराठीत एखादा मुद्दा तुम्ही आर्जवाने मांडू शकत होतात, आवेशाने मांडू शकत होतात, त्याला चिमटाही काढू शकत होतात. स्पॅनिशमध्ये आज तो कसाबसा मांडता येईल, आणि आपली समज तेवढीच आहे असे समोरच्याला वाटेल या धास्तीने तुम्ही तोही मांडत नाही. परदेशी शिक्षणातून माणूस म्हणून जी वाढ होते, तिचा मोठा भाग याच अवघड जागी होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या हुशारीची दाद ताबडतोब मिळत नसतानाही काम करत राहणे, दुसऱ्याकडे मदत मागणे, अपुऱ्या वाक्यात का होईना पण आपल्याला खरोखर वाटते ते बोलणे, या गोष्टी शिकण्याची वेळ घरी राहून तुमच्यावर कधी आली नसती. म्हणून बदली इतक्यात मागू नका. आधी तुमच्या गप्प बसण्याची कारणे नीट पाहू, कारण ती सगळीच तुमच्यात नाहीत.

एक कारण ग्रानादाच्या बोलीत आहे. भारतात आपण ज्या ध्वनिफितींवरून तयारी करतो त्यांत बहुधा माद्रिदकडचे किंवा कास्तियाकडचे उच्चार असतात. ग्रानादा ज्या दक्षिणेकडच्या प्रदेशात आहे त्या अंदालुसियात शब्दाच्या शेवटचा ‘स’ पुसट होतो किंवा गळतोच, त्यामुळे ‘लोस आमिगोस’ हे ‘लो आमिगो’ असे कानावर पडते, आणि पूर्व अंदालुसियात, म्हणजे तुमच्याकडे, अनेकवचन ओळखायचे ते शेवटच्या स्वराच्या अधिक मोकळ्या उच्चारावरून. परीक्षेत उत्तम गुण मिळवलेल्या विद्यार्थ्यालाही सुरुवातीला यातले निम्मेच उमगते. कान तयार होण्यासाठी रोज नवे काही ऐकण्यापेक्षा एकाच आवाजाची सवय करणे अधिक उपयोगी पडते. ‘कनाल सुर’ या अंदालुसियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या रेडिओवरचा एखादा कार्यक्रम निवडा आणि त्याच निवेदकाला रोज ऐका. त्याच्या बोलण्याची लय ओळखीची झाली की वर्गातले बोलणेही सुटे सुटे ऐकू येऊ लागेल.

दुसरे कारण संभाषणाच्या रीतीचे आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. समोरच्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे, मग आपण बोलावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. स्पेनमध्ये चर्चा रंगली की एकाचे वाक्य संपता संपता दुसरा सुरू होतो, कित्येकदा अर्ध्यातच सुरू होतो, आणि तो उर्मटपणा न समजता विषयात रस असल्याची खूण मानली जाते. बोलण्यात खंड पडण्याची वाट तुम्ही पाहत राहिलात तर तो खंड पडणारच नाही. याला उपाय असा की, वाक्य मनात पूर्ण होण्याआधीच बोलण्याची पाळी आपल्याकडे घ्यावी. ‘उना कोसा’, म्हणजे ‘एक गोष्ट सांगायची आहे’, एवढेच मोठ्याने म्हणून हात किंचित वर करा. लोक तुमच्याकडे वळतील आणि एकदा वळल्यावर वाक्य अडखळत पूर्ण झाले तरी ऐकून घेतील. तुमच्या भिडस्तपणामुळे त्यांना आजवर हे कळलेलेच नाही की तुम्हाला बोलायचे आहे.

प्राध्यापकांचाही उपयोग करून घ्या. स्पॅनिश विद्यापीठांत प्रत्येक प्राध्यापकाचे ‘तुतोरिया’चे, म्हणजे विद्यार्थ्यांनी भेटून शंका विचारण्याचे तास ठरलेले असतात. ‘उगाच त्रास कशाला द्यायचा’ असे म्हणून आपली मुले तिकडे फिरकत नाहीत; वास्तविक ती वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवलेली असते. दोघांच्या बोलण्यात घाई नसते, पुन्हा विचारता येते आणि चूक सुधारून मिळते. पुढच्या तासाला ज्या लेखावर चर्चा होणार असेल तो आधी वाचून त्यातला एकच मुद्दा घेऊन जा, आणि तोच मुद्दा नंतर वर्गात मांडा. शिवाय ज्या विषयात वर्गातील इतर कोणाहीपेक्षा तुम्हाला अधिक माहिती आहे, अशा विषयावर काही मिनिटे बोलण्याची परवानगी मागा. तुम्ही अलहंब्रा या मध्ययुगीन राजवाड्याच्या गावात वारसा-संवर्धन शिकत आहात आणि १८९० मध्ये पूर्ण झालेला लक्ष्मीविलास राजवाडा पाहत वाढला आहात. त्याच्या कमानींत आणि घुमटांत इस्लामी, राजपूत आणि युरोपीय शैली कशा एकत्र आल्या आहेत हे तिथे दुसरे कोण सांगणार? कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे हाही असाच विषय आहे. ज्याविषयी मनापासून बोलावेसे वाटते त्याविषयी बोलताना शब्द कमी पडले तरी आवाज कमी पडत नाही, हा माझा विद्यार्थ्यांबाबतचा अनुभव आहे.

वर्गाबाहेर रोज थोडे बोलणे घडेल अशी व्यवस्था मात्र मुद्दाम करावी लागेल. स्वयंसेवा दुकानातून सामान आणणे बंद करा आणि मंडईत जा. ग्रानादात सान आगुस्तीनची मंडई आहे. तिथल्या एखाद्या भाजीच्या गाळ्यापुढे डोळ्यांना रांग दिसत नाही. माणसे इकडेतिकडे विखुरलेली, गप्पा मारत उभी असतात. नवा येणारा मोठ्याने विचारतो, ‘किएन एस एल उल्तिमो?’, म्हणजे शेवटचे कोण आहे? एखाद्या आजीबाई हात वर करतात किंवा ‘यो’, म्हणजे ‘मी’, असे म्हणतात. त्यांच्यानंतर आपली पाळी. पुढचा माणूस आला आणि त्याने विचारले की आता ‘यो’ आपण म्हणायचे. तेवढ्यात त्या आजीबाई तुमच्या पिशवीतला भोपळा पाहून तो कसा करणार असे विचारतात, आणि तुम्हाला भोपळ्याच्या भाजीची कृती स्पॅनिशमध्ये सांगावी लागते. मी सालामांकाला शिकत होते तेव्हा वर्गात जे क्रियापदांचे काळ पक्के होत नव्हते ते मंडईत पक्के झाले, कारण तिथे उत्तर देणे भागच असते आणि गुण देणारे कोणी नसते.

असेच तुम्ही एक भाषा आधी शिकला आहात. सुरसागरच्या कडेला किंवा खंडेराव मार्केटात गुजराती बोलताना तुम्ही कधी व्याकरणाचे पुस्तक उघडले नसेल. चुका झाल्या असतील, कोणी हसलेही असेल, पण त्यावरून आपण मंद आहोत असा निष्कर्ष तुम्ही काढला नाही. स्पॅनिश तुम्ही आधी परीक्षेसाठी शिकलात, म्हणून तिच्यात प्रत्येक चूक गुण कापल्यासारखी वाटते. आपल्या शहराचे मोठेपण ज्यांच्यामुळे आहे ते तिसरे सयाजीराव महाराज १८७५ मध्ये कवळाण्याहून दत्तक म्हणून येथे आले तेव्हा सुमारे १२ वर्षांचे होते आणि त्यांचे अक्षरशिक्षणही झालेले नव्हते. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा त्यांना त्यानंतर शिकवण्यात आल्या आणि डिसेंबर १८८१ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. आजूबाजूला सगळे जाणकार, आपण एकटेच नवखे, आणि सर्वांची नजर आपल्यावर, अशा स्थितीत त्या मुलाने शिकायला सुरुवात केली होती.

राहण्याच्या जागेविषयी. तुमच्या मैत्रिणींना सोडा असे मी म्हणणार नाही. आजारपणात आणि सणावारी आपली माणसे जवळ असणे ही चैन नव्हे, गरज आहे. तरीही सध्याच्या घराचा करार संपेल तेव्हा स्थानिक किंवा अन्य देशांतील विद्यार्थ्यांबरोबरचे घर शोधा. फ्रान्स, इटली, जर्मनीहून इरास्मस या युरोपीय विद्यार्थी-देवघेव योजनेतून आलेली मुले ग्रानादात भरपूर असतात आणि त्यांच्याशी तुमचे बोलणे स्पॅनिशमध्येच होईल. तोवर ‘इंतेरकांबियो’चा, म्हणजे भाषांच्या देवघेवीचा मार्ग आहे. इंग्रजी शिकू इच्छिणारा एक स्पॅनिश विद्यार्थी गाठायचा, अर्धा वेळ त्याची भाषा, अर्धा वेळ इंग्रजी. अर्ध्या वेळाची अट काटेकोर पाळा, नाहीतर इंग्रजी बरी असलेला माणूस सगळा वेळ खाऊन टाकतो. विद्यापीठाच्या आधुनिक भाषा केंद्रात बी-२, म्हणजे बी-१ च्या पुढच्या पातळीचा वर्गही लावा.

आणि एवढे करूनही वर्षअखेरीस विषय नापास होण्याची वेळ येत असेल, झोप उडाली असेल, खाणेपिणे सुटले असेल, तर विद्यापीठाच्या समुपदेशन सेवेकडे जा आणि तेव्हा बदलीचाही विचार करा. त्यात कमीपणा नाही. परंतु आज तुम्ही ज्या टप्प्यावर आहात तिथून परत फिरलात, तर ज्या अडचणीतून काही मिळवण्याची वेळ जवळ आली होती नेमकी तीच सोडून दिल्यासारखे होईल.

प्रश्न : मी एका सत्रासाठी सालामांकाला जात असून एका स्पॅनिश कुटुंबात राहणार आहे. मी शाकाहारी आहे, अंडे चालते. जेवणाचे कसे होईल याची आईला फार काळजी आहे.

उत्तर : काळजीचे कारण आहे, पण उपायही सोपा आहे. ‘शाकाहारी’ एवढेच सांगून थांबू नका. तिकडे पुष्कळांच्या समजुतीत मांसाचा मोठा तुकडा नसला की पदार्थ शाकाहारी होतो, त्यामुळे सॅलडमध्ये ट्यूना मासा आणि भाजीत हामोनचे, म्हणजे खारवून सुकवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. मांस, मासा, हामोन आणि हाडामांसाचे सार यांपैकी काहीही चालत नाही, असे जाण्यापूर्वीच पत्राने स्पष्ट कळवा. पोल्वोरोनसारख्या नाताळच्या मिठायांत पारंपरिक रीतीने डुकराची चरबी असते, हेही आईला नव्हे, पण तुम्हाला माहीत असावे. बटाट्याची तोर्तिया अंड्याची असते, ती तुम्हाला चालेल. गास्पाचो, म्हणजे टोमॅटोचे थंड सार, टोमॅटो चोळलेला पाव, मिश्र भाज्यांचा पिस्तो हे पदार्थ सहज मिळतात. शिवाय तुम्ही डाळी-कडधान्यांच्याच मुलखात जात आहात. सालामांका प्रांतातील आर्मुन्याचा मसूर आणि शेजारच्या सामोरा प्रांतातील फुएन्तेसाउकोचा हरभरा स्पेनभर नावाजलेला आहे. घरोघरी मसुरात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, टाकतात, तेवढे टाकू नका म्हणून सांगायचे. आठवड्यातून एक दिवस स्वयंपाकघर वापरण्याची परवानगी आधीच मागून ठेवा आणि सोबत गोडा मसाला न्या. त्या मसुराची उसळ करून घरातल्यांना वाढलीत तर स्वयंपाकघरातले सगळे शब्द तुम्हाला एका दिवसात मिळतील. दुपारचे जेवण २ ते ३ च्या सुमारास आणि रात्रीचे ९ नंतर होते, तेव्हा संध्याकाळच्या भुकेची सोय ठेवा.

प्रश्न : आमचा मुलगा माद्रिदला शिकतो. आम्ही दोघे बाबाजीपुऱ्यात असतो. त्याचे दिवसभराचे तास आणि अभ्यास संपल्यावर बोलता यावे म्हणून आम्ही रात्री १२ पर्यंत जागून त्याला व्हिडिओ कॉल करतो. पूर्वी तासभर बोलायचा, आता दहा मिनिटांत ‘बाहेर जायचंय’ म्हणतो. मराठी बोलताना मध्येच स्पॅनिश शब्द घालतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो एका मित्राच्या गावी गेला होता. त्याची फी, कागदपत्रे यांबाबत विद्यापीठाशी पत्रव्यवहार मीच करतो, पण हल्ली ते मला नीट उत्तर देत नाहीत. मुलगा बदलत चालला आहे, तो आमचा राहील ना?

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य वाचून मला वाईट वाटले, आणि म्हणून आधी सांगते की, जो मुलगा दहा मिनिटे का होईना पण रोज बोलतो, तो दुरावलेला नाही.

मात्र वेळेचा हिशेब जरा पाहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत स्पेन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उरलेल्या काळात साडेतीन तास. आपण रात्री १२ वाजता फोन करता तेव्हा हिवाळ्यात तिथे संध्याकाळचे ७.३० झालेले असतात, आणि स्पेनमध्ये माणसे एकमेकांना भेटतात ती नेमकी तेव्हापासून ९.३० पर्यंत. त्या दोन तासांत तो घरात बसून आपल्याशी मराठीत बोलला, तर ज्यासाठी आपण त्याला इतका खर्च करून पाठवले ते घडायचे कधी? हिवाळ्यात आपल्या रात्री ८ च्या सुमारास, म्हणजे त्याच्या दुपारी ३.३० ला, त्याचे जेवण उरकलेले असते. तेव्हा थोडा वेळ बोला आणि रविवारी सावकाश बोला. आपली जागरणेही वाचतील.

विद्यापीठाचा पत्रव्यवहार आपण आजपासून थांबवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. विद्यापीठ आपला अपमान करत नाही. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षणाचा नियम २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि सज्ञान विद्यार्थ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय पालकांनाही सहसा देता येत नाही. पण नियम नसता तरी मी हेच म्हटले असते. स्पेनमध्ये पोहोचल्यावर नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, मुक्काम सहा महिन्यांहून अधिक असेल तर आल्यापासून महिनाभरात परदेशी व्यक्तीच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो, त्यासाठी आधी वेळ मिळवावी लागते, ठसे द्यावे लागतात, एखादा कागद कमी पडला की पुन्हा जावे लागते. खिडकीपलीकडच्या माणसाला आपली अडचण परक्या भाषेत समजावून सांगून काम करून घेणे, हे त्याच्या पदवीइतकेच मोलाचे शिक्षण आहे आणि ते वडिलांनी मुलाच्या वतीने घेता येत नाही. आपण त्याला विचारा की हे ओळखपत्र तू कसे मिळवलेस. ‘जेवलास का’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपते. या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्याला पाऊण तासही पुरणार नाही.

दिवाळीबद्दलचे आपले वाईट वाटणे मी समजू शकते. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्पॅनिश माणसे मित्रांना बहुधा बाहेरच भेटतात आणि आपल्या घरी, त्यातही गावच्या घरी, आईवडिलांकडे नेणे ही जवळिकीची खूण असते. तिथे दुपारचे जेवण झाल्यावर माणसे तासन्‌तास टेबलाशीच बोलत बसतात. आपल्या मुलाला त्या बैठकीत जागा मिळाली, याचा अर्थ त्याने परक्या मुलखात माणसे जोडली. पुढच्या वेळी त्या मित्राच्या आईवडिलांना दोन शब्द बोलण्यासाठी फोनवर बोलवायला सांगा, आणि दुभाषाचे काम मुलाला करू द्या.

राहिले स्पॅनिश शब्द. आपण वडोदऱ्याची मराठी माणसे आपल्या मराठीत गुजराती किती सहज मिसळतो, हे पुण्याच्या नातेवाइकांनी आपल्याला अनेकदा ऐकवलेले असेल. त्यामुळे आपले मराठीपण गेले नाही. मुलगा बदलेल का, या प्रश्नाचे खरे उत्तर ‘हो, बदलेल’ असेच आहे. तो स्वतःचे निर्णय स्वतः घेऊन नंतर आपल्याला सांगेल, आधी विचारणार नाही. ही गोष्ट पचवायला आपल्याला वेळ लागेल, तसे त्याला मोकळेपणाने सांगायलाही हरकत नाही.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडोदऱ्यात विमान कारखाना आल्यामुळे स्पॅनिश शिकावे असे वाटते. सुरुवातीपासूनच सहा महिने स्पेनमध्ये राहून शिकावे की येथे शिकून मग जावे? कोणते शहर निवडावे? परीक्षा कोणती द्यावी?

उत्तर : सी-२९५ च्या ५६ विमानांपैकी १६ स्पेनमध्ये आणि ४० भारतात तयार व्हायची, असा तो करार आहे, त्यामुळे तुमचा विचार अस्थानी नाही. तरीही विमान उद्योगातील तांत्रिक कागदपत्रे प्रामुख्याने इंग्रजीत असतात. केवळ भाषेच्या जोरावर नोकरी मिळेल असे समजू नका. अभियांत्रिकी पक्की असेल तर भाषेमुळे तुमचे काम आणि माणसांशी संबंध दोन्ही सुधारतील. शिवाय स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे, एका कारखान्यापुरती ती शिकू नये.

शून्यापासून स्पेनमध्ये शिकणे मला खर्चाच्या मानाने पटत नाही. पहिल्या महिन्यात जी उजळणी तिथे कराल ती येथे घरबसल्या होते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने इंग्रजी भाषकांना कामापुरती चांगली स्पॅनिश येण्यास वर्गातले ६०० ते ७५० तास लागतात असा अंदाज बांधला आहे. त्यातले पहिले २५०-३०० तास येथे द्या आणि बी-१ च्या आसपास पोहोचल्यावर दहा-बारा आठवड्यांसाठी जा. ९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला शेंगेन व्हिसा पुरतो, त्यापुढे विद्यार्थी व्हिसा लागतो. शाळा निवडताना तिला इन्स्तितुतो सर्वांतेस या स्पेन सरकारच्या भाषा-संस्थेची मान्यता आहे का, एवढे पाहाच.

येथे शिकताना इंग्रजीच्या वाटेने जाऊ नका, मराठीच्या वाटेने जा. ‘मला पुस्तक आवडते, मला पुस्तके आवडतात’ या वाक्यांत क्रियापद पुस्तकाप्रमाणे बदलते. ‘मे गुस्ता एल लिब्रो, मे गुस्तान लोस लिब्रोस’ याची रचना अगदी हीच आहे. इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी जिथे आठवडाभर अडतो तिथून तुम्ही सरळ पुढे जाल. ‘त्याने यावे असे मला वाटते’ यातले ‘यावे’ ज्याच्या जिभेवर आहे, त्याला स्पॅनिशमधील इच्छार्थी रूपांची भीती वाटण्याचे कारण नाही. ‘त’ आणि ‘द’ दंत्यच आहेत, ‘प’ आणि ‘क’ मध्ये श्वासाचा झोत नाही, वस्तूंना लिंग असते याचे तुम्हाला नवल नाही. ‘असणे’ या अर्थाची ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही दोन क्रियापदे मात्र कष्टाने शिकावी लागतील, कारण आपण दोन्हीकडे ‘आहे’ वापरतो.

शहराबाबत सर्वसाधारण सल्ला सालामांका किंवा वायादोलिद असा दिला जातो, कारण तिथले उच्चार पाठ्यपुस्तकाच्या जवळचे आहेत. बार्सिलोना आणि वालेन्सिया येथे स्पॅनिशबरोबर कातालान आणि वालेन्सियन याही राजभाषा आहेत, त्यामुळे नवशिक्याचा थोडा गोंधळ होतो. तुमच्या बाबतीत मात्र मी सेवियाची शिफारस करेन. ही विमाने तिथेच बनतात, आणि ज्या माणसांबरोबर पुढे काम करण्याची तुमची इच्छा आहे त्यांची बोली अंदालुसियाची असेल. पहिल्या पत्राच्या उत्तरात त्या बोलीविषयी लिहिले आहे, ते वाचून जा.

परीक्षांपैकी डेले ही प्रत्येक पातळीची स्वतंत्र परीक्षा असून तिचे प्रमाणपत्र कायमचे असते. सिएले ही संगणकावर होणारी परीक्षा आहे. तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसते, मिळालेल्या गुणांवरून पातळी ठरते. नोकरीच्या अर्जासाठी मी डेलेची बी-२ सुचवेन, आणि ती स्पेनहून परत आल्यावर लगेच, कान आणि जीभ सरावात असतानाच द्यावी. मे आणि नोव्हेंबर ही तिच्या मुख्य सत्रांपैकी दोन. नावनोंदणी परीक्षेच्या बरीच आधी बंद होते, तेव्हा परतीचे तिकीट काढण्यापूर्वी त्या तारखा पाहून घ्या.